लाल भिंतींचा फोटो काय सिद्ध करतो? बॉम जीझस बॅसिलिका आणि आपले ‘पुरावे’

मागच्या महिन्यात पेट पास होऊन नुकतीच नोंदणी झालेल्या एका ज्युनियरने मला तिच्या सिनॉप्सिसचा मसुदा वाचायला पाठवला. विषय कोकणातली देवळं. मजकुराबरोबर बारा फोटो, सगळे तिने स्वतः काढलेले, आणि खरं सांगायचं तर फारच छान. प्रत्येक फोटोखाली देवळाचं नाव आणि गावाचं नाव. बस्स, एवढंच. मी तिला फोन करून विचारलं, ‘‘या फोटोंतून तुला नेमकं काय सांगायचंय?’’ ती म्हणाली, ‘‘ताई, देऊळ कसं आहे ते दाखवलंय ना.’’

मला हसू आलं, कारण तीन वर्षांपूर्वी मीही अगदी हेच उत्तर दिलं होतं. तेव्हा फोटो देवळाचा नव्हता, चर्चचा होता. आणि त्या एका फोटोवरून माझं एक पूर्ण प्रकरण परत आलं होतं. आजचा लेख त्या फोटोबद्दल आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या संशोधनात मंदिर, मशीद, चर्च, दर्गा, अग्यारी, काहीही येणार असेल, त्यांनी तो शेवटपर्यंत वाचा. प्रार्थनास्थळाचा फोटो काढणं सोपं असतं. तो पुरावा म्हणून वापरणं तेवढं सोपं नसतं.

माझी चूक

जुन्या गोव्यातली बॉम जीझस बॅसिलिका बहुतेकांनी पाहिली असेल. निदान फोटोत तरी नक्कीच. जेझुइट लोकांनी बांधलेलं हे चर्च. पायाभरणी 24 नोव्हेंबर 1594 ला आणि पवित्रीकरण 15 मे 1605 ला. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष इथेच आहेत, त्यामुळे भाविकांची रीघ कायम असते. 1986 पासून गोव्यातल्या चर्चेस आणि मठांच्या समूहात युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही ते आहे.

मी सेमिनारसाठी जे प्रकरण लिहिलं होतं त्यात या चर्चचा फोटो होता. समोरच्या हिरवळीवरून काढलेला, स्वच्छ आकाश, लालसर तपकिरी दगड. खाली ओळ लिहिली होती: ‘बॉम जीझस बॅसिलिका, जुने गोवे, 1605’. गाइडनी पेन्सिलने 1605 भोवती गोल केला आणि विचारलं, ‘‘हा फोटो 1605 चा आहे?’’ मी म्हटलं, ‘‘नाही सर, चर्च 1605 चं आहे.’’ ‘‘आणि हा रंग?’’

रंग! मी विचारच केला नव्हता. लाल दगडाचं चर्च म्हणजे लाल दगडाचं चर्च. ते काय रंगवलेलं होतं थोडंच?

तर झालं असं होतं. चर्च जांभ्यात बांधलेलं आहे. दर्शनी भागातलं कोरीव काम वसईहून आणलेल्या काळ्या बसाल्टमध्ये आहे. आणि बाहेरच्या भिंतींवर मुळात चुन्याचा गिलावा होता. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वर्णनातही स्पष्ट म्हटलंय की दर्शनी भाग सोडून बाकी बाहेरच्या भागाला चुन्याचा गिलावा होता आणि तो नंतर काढण्यात आला. हा ‘नंतर’ म्हणजे 1950 च्या दशकाची सुरुवात. झेवियर यांच्या मृत्यूला 1952 मध्ये 400 वर्षं पूर्ण होणार होती. त्याच काळात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज जीर्णोद्धारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली गिलावा उतरवला गेला.

म्हणजे मी ज्या लाल भिंतींखाली 1605 लिहिलं होतं, तो लाल रंग माझ्या आजोबांच्या तारुण्यातला होता.

पोस्टकार्डाची फ्रेम

आता जरा या चर्चच्या नेहमीच्या फोटोकडे टीकाकाराच्या नजरेने बघू. पर्यटनाच्या पत्रकांवर, कॅलेंडरांवर, फ्रिजला चिकटवायच्या मॅग्नेटवर एकच फ्रेम असते. कॅमेरा समोर हिरवळीवर. दर्शनी भाग पूर्ण, वरचं ‘आयएचएस’ हे येशूच्या नावाचं चिन्ह मध्यभागी. माणसं शक्यतो नाहीत, असली तर मुंगीएवढी. ऊन असं की दगड पेटल्यासारखा दिसावा. पावसाळ्यातला फोटो जवळजवळ नाहीच.

या फ्रेमचं काय चुकतं? सौंदर्याच्या दृष्टीने काहीच नाही. ती फ्रेम इतकी टिकली कारण ती चांगली आहे. दर्शनी भागाची तीन मजली रचना समोरूनच नीट कळते. माझा आक्षेप वेगळा आहे. पुरातत्त्व सर्वेक्षणाचं वर्णन पुन्हा वाचा: ‘दर्शनी भाग सोडून’. गिलावा बाजूच्या आणि मागच्या भिंतींवरून गेला. नेहमीचा फोटो नेमका तोच भाग दाखवतो जिथे बदल सर्वांत कमी झालाय, आणि जिथे सर्वांत जास्त झालाय तो भाग चौकटीबाहेर ठेवतो. तो फोटो पाहून कुणालाही वाटेल की इमारत चारशे वर्षं अशीच उभी आहे. फोटो खोटं काही बोलत नाही. पण त्याच्याकडून चुकीचा निष्कर्ष काढणं फार सोपं जातं.

त्यात भर शब्दांची. ‘जुन्या गोव्यातलं बाहेरून गिलावा नसलेलं एकमेव चर्च’ असं तिथे हमखास सांगितलं जातं. आजच्या स्थितीचं हे वर्णन ऐकताना चर्चचं मूळ वैशिष्ट्य वाटतं. फोटो आणि ओळ एकत्र आले की सत्तर वर्षांपूर्वीचा एक निर्णय अदृश्य होतो. निर्णय कुणीतरी घेतला होता, त्याला कारणं होती, हे सगळं ‘वैशिष्ट्य’ या एका शब्दाखाली दबून जातं.

जुने फोटो वाचताना

तुम्ही म्हणाल, मग जुने फोटो बघावेत की. बघाच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गोव्यात सौझा अँड पॉल नावाचा स्टुडिओ होता, त्यांनी इथल्या इमारतींचे भरपूर फोटो काढले. त्या काळातले इतर फोटो आणि पुढची चित्र-पोस्टकार्डंही मिळतात. पण इथे दुसरा सापळा आहे. तो मला नंतर कळला, तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

जुन्या कृष्णधवल फोटोतला करडा रंग म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या रंगाचा सरळ अनुवाद नसतो. एकोणिसाव्या शतकातल्या कलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या, लाल प्रकाश त्यांना जवळपास दिसतच नसे. नंतर आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट्सना हिरवा-पिवळा दिसू लागला, लाल तरीही नाही. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट्स बाजारात आल्या त्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात.

याचा परिणाम काय? निळं आकाश कोरं पांढरं येतं. लाल जांभा डोळ्याला दिसतो त्याहून बराच काळा येतो. आणि उन्हातला चुना भगभगीत पांढरा. म्हणून अशा फोटोत ‘काळी’ दिसणारी भिंत पाहून ‘शेवाळ होतं’, ‘दुर्लक्ष झालं होतं’ असं लिहू नका. ती फक्त लाल असू शकते. आकाशावरून हवामान ठरवू नका. कोऱ्या आकाशाचा अनेक छायाचित्रकारांना इतका त्रास व्हायचा की काही जण ते हाताने भरत. 1850 च्या दशकात मदुरै, तंजावरची मंदिरं टिपणाऱ्या लिनियस ट्राइपने आपल्या निगेटिव्हवर रंगाने ढग काढले होते. ते ढग फार सुंदर आहेत, पण त्या दिवशी मदुरैवर ते होते असं मात्र नाही.

तारखेचंही तसंच. फोटोमागे लिहिलेली तारीख विकण्याची, भेट दिल्याची, छापल्याची असू शकते. जुन्या गोव्यात तारीख पारखायला एक चांगला साक्षीदार आहे, मोन्ते सांतो टेकडीवरचा ऑगस्टिनियन चर्चचा मनोरा. त्या चर्चचं छत 1842 मध्ये कोसळलं. दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा 1931 मध्ये पडला. फोटोत दर्शनी भाग उभा दिसत असेल तर फोटो 1931 च्या आधीचा, मागे काहीही लिहिलेलं असो. तुमच्या क्षेत्रातही असा साक्षीदार शोधून ठेवा: पडलेलं झाड, नंतर आलेला विजेचा खांब, बदललेली कौलं.

गिलावा का काढला?

फोटो आणि डागडुजी यांचं नातं छायाचित्रणाइतकंच जुनं आहे. 1851 मध्ये फ्रान्समधल्या ऐतिहासिक वास्तूंच्या आयोगाने पाच छायाचित्रकारांना देशभर पाठवलं. त्यांनी चर्चेस, मठ, किल्ले टिपायचे, म्हणजे दुरुस्ती कुठे हवी ते ठरवता येईल. ‘मिशन हेलिओग्राफिक’ हे त्या मोहिमेचं नाव. त्यातल्या एदुआर बाल्दुसने आर्लमधल्या सेंट त्रोफिम मठाच्या ओवऱ्यांचा जो फोटो दिला तो सुमारे दहा निगेटिव्ह जोडून तयार केलेला होता. एका निगेटिव्हमध्ये तेवढा भाग स्पष्ट येतच नव्हता, म्हणून त्याने जोडले. सरकारी कागदपत्र म्हणून मागवलेला फोटोसुद्धा असा ‘बांधलेला’ होता, हे लक्षात ठेवा.

पोर्तुगालमध्ये 1929 साली राष्ट्रीय स्मारकांसाठी सरकारी खातं स्थापन झालं. सालाझारच्या राजवटीत त्या खात्याने अनेक जुन्या चर्चेसवरचे नंतरच्या काळातले थर काढून ‘मूळ’ दगड उघडा केला. त्यांच्या वार्तापत्रांत ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो शेजारी शेजारी छापलेले असत. आधीचं चर्च गिलाव्यात गुरफटलेलं, नंतरचं उघड्या दगडाचं, भारदस्त. फोटोंची मांडणीच अशी की ‘नंतर’चं जिंकणारच. बाल्ताझार कास्त्रो याच खात्यातून आलेला माणूस.

माझं मत असं की बॉम जीझसचा गिलावा काढण्यामागे ही नजर होती. प्राचीन वास्तू म्हणजे उघडा दगड. जुनं दिसलं पाहिजे तर जीर्ण दिसलं पाहिजे. युरोपात ग्रॅनाइटच्या चर्चवर ही नजर कदाचित चालून गेली असेल. जांभ्याचं काय?

आमच्या सावंतवाडीच्या घराच्या भिंती चिऱ्याच्याच, आणि त्यांना बाहेरून गिलावा नाही. त्यामुळे ‘जांभ्याला गिलावा लागतोच’ असं मी म्हणणार नाही. पण आमच्या घराचं छप्पर भिंतीच्या पुढे चांगलं हात-दीड हात आलेलं आहे. पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात, आणि पावसाळ्याआधी वाऱ्याच्या बाजूला झडपं बांधली जातात. बॅसिलिकेच्या उंच भिंतींना तशी झडपं नाहीत की पुढे आलेली वळचण नाही. जांभा सच्छिद्र दगड. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस. चुना हाच त्या भिंतीचा रेनकोट होता. तो काढला, आणि भिंत तेव्हापासून भिजते आहे.

फोटोची पुढची करामत

आता खरा मुद्दा. 2020 मध्ये बॅसिलिकेच्या धर्मगुरूंनी पावसाने होणाऱ्या हानीबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली आणि गिलावा परत करावा का यावर चर्चा सुरू झाली. गोव्यातले वास्तुरचनेचे अभ्यासक विश्वेश कांदोळकर यांनी या गिलाव्यावर आणि पावसावर सविस्तर लिहिलं आहे, ते जरूर मिळवून वाचा.

त्या काळात मी ओळखीच्या लोकांना विचारत होते: भिंती पुन्हा पांढऱ्या केल्या तर? उत्तर बहुतेक एकच. ‘‘मग ती बॉम जीझस वाटणारच नाही!’’ चर्चला नियमित जाणारे, कधीच न जाणारे, हिंदू, ख्रिस्ती, गोंयकार, आमच्याकडचे, सगळ्यांचं हेच.

ही प्रतिक्रिया मी फार महत्त्वाची मानते. ज्यांनी हे उत्तर दिलं त्यांच्यापैकी कुणीही गिलाव्याचं चर्च पाहिलेलं नव्हतं. त्यांची ‘खरी’ बॅसिलिका ठरली होती ती शाळेच्या सहलीत पाहिलेल्या भिंतींनी आणि त्याहून जास्त हजारो फोटोंनी. फोटो इमारतीची नोंद करता करता इमारत कशी दिसावी हे ठरवायला लागला. आणि आता तो इमारतीच्या औषधाच्या आड येतोय.

दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर ही टीका एकतर्फी होईल. 1964 च्या व्हेनिस सनदेचं अकरावं कलम सांगतं की वास्तूत प्रत्येक काळाने घातलेली योग्य भर जपली पाहिजे आणि एकच शैली गाठणं हे जीर्णोद्धाराचं ध्येय नव्हे. या कलमाने कास्त्रोवर बोट ठेवता येतं. पण हेच कलम कुणी उलटंही वापरेल: उघड्या दगडाची सत्तर वर्षं हाही आता इतिहासच, तो पांढऱ्या चुन्याखाली का पुसायचा? हा युक्तिवाद हलका नाही. मला तो तरीही पटत नाही. ‘भर’ म्हणजे काहीतरी घातलं पाहिजे, आणि इथे तर काढलंय. शिवाय जो थर जपायचा तो भिंतीलाच खात असेल तर जपायला उरणार काय? सत्तर वर्षांची आठवण फोटोंत राहील. फोटो नेमके याच कामाचे आहेत.

तुमचं मत वेगळं असू शकतं. माझा आग्रह इतकाच, की मत मांडताना ‘चर्च असंच आहे’ हे वाक्य पुरावा म्हणून वापरू नका.

रिकामं चर्च

बाहेरच्या भिंतीपुरतंच हे नाही. आतले फोटोही असंच काहीतरी वगळतात, आणि ती वगळ बहुधा आपणच करतो.

चर्चच्या अंतर्भागाचे सर्वोत्तम फोटो काढणाऱ्यांत फ्रेडरिक इव्हान्स या इंग्रज छायाचित्रकाराचं नाव घेतात. तो आधी पुस्तकविक्रेता होता. कॅथीड्रलमध्ये दिवसेंदिवस राहून तो प्रकाशाची वाट बघायचा, आणि जमेल तिथे खुर्च्या वगैरे हलवून घ्यायचा. 1903 मध्ये वेल्स कॅथीड्रलमधल्या जिन्याचा त्याने काढलेला ‘सी ऑफ स्टेप्स’ हा फोटो इंटरनेटवर सहज मिळेल, बघा. एकही माणूस नाही. पण पायऱ्या मधोमध झिजून लाटांसारख्या झाल्यात, म्हणजे शतकानुशतकं त्यावरून पाय गेलेत. तिथे रिकामेपणा माणसांबद्दलच बोलतो. मात्र त्याची रिकामी सभागृहं पाहून इंग्लंडमधली उपासना कशी होती हे कुणी लिहायला बसलं तर फसेल. इव्हान्सला ते सांगायचंच नव्हतं.

आपल्यापैकी बरेच जण इव्हान्सचा रिकामेपणा घेतात आणि त्याच्या पायऱ्या विसरतात. मी बॅसिलिकेत दोन प्रार्थनांच्या मधल्या वेळात फोटो काढत होते. कुणी फ्रेममध्ये आलं की थांबायचे, गेलं की क्लिक. एका बाकावर एक आजी माळ जपत बसल्या होत्या. त्या काही उठेनात. शेवटी त्यांनीच माझ्याकडे बघून हळू आवाजात विचारलं, ‘‘झाले गो बाय फोटो? आता बस जरा.’’ मी ओशाळून बसले. नंतर घरी सगळे फोटो चाळले तेव्हा लक्षात आलं: दोनशेच्या वर फोटो, आणि त्यात हे चर्च चालू आहे याचा एकही पुरावा नाही. लोक कुठे बसतात, कुठे गुडघे टेकतात, कशाला हात लावतात, काही नाही. ती वास्तू बंद पडलेलं संग्रहालय असती तरी माझे फोटो तसेच आले असते. मी पुढच्या प्रकरणात ‘जिवंत वारसा’ असा शब्द वापरणार होते!

याचा अर्थ प्रार्थना करणाऱ्या माणसांच्या तोंडावर कॅमेरा धरा असा नाही. आजींचा फोटो मी काढला नाही, आणि ते बरोबरच होतं. पण झिजलेलं लाकूड, फुलं, मेणबत्तीचं मेण, चपलांची जागा, हे टिपता येतं. जे टिपणं योग्य नाही ते वहीत लिहिता येतं. फोटो आणि टिपण एकत्र असले तरच नोंद पूर्ण होते.

मग करायचं काय?

त्या ज्युनियरला मी जे सांगितलं तेच इथे देते.

पहिलं, परवानगी दोन ठिकाणी विचारा. संरक्षित स्मारक असेल तर वास्तूची जबाबदारी पुरातत्त्व खात्याकडे आणि उपासना धर्मसंस्थेकडे असते. ट्रायपॉडसाठी खात्याची वेगळी परवानगी लागते. उपासनेच्या वेळी कॅमेरा पिशवीत, आणि फ्लॅश कधीच नको.

दुसरं, सुंदर फ्रेम घ्या, पण त्यानंतर इमारतीला पूर्ण फेरी मारा. मागची भिंत, गटार, पन्हळ, जिथे पाणी मुरतं ती जागा. ज्या बाजूचा फोटो कुणी काढत नाही तिथे बहुधा तुमचं प्रकरण दडलेलं असतं.

तिसरं, प्रत्येक फोटोची नोंद त्याच दिवशी: तारीख, वेळ, कॅमेरा कोणत्या दिशेला, पाऊस होता की ऊन (ओला जांभा कोरड्यापेक्षा बराच गडद दिसतो), उपासना चालू होती का, आणि फ्रेमसाठी काय हलवलं किंवा कशाची वाट पाहिली. मोबाइल रंग आपोआप भडक करतो, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा.

चौथं, फोटोखालच्या ओळीत दोन तारखा हव्यात, वास्तूची आणि फोटोची. दिसणारी स्थिती केव्हापासूनची हे माहीत असेल तर तेही. माझी सुधारलेली ओळ अशी होती: ‘बॉम जीझस बॅसिलिका, पवित्रीकरण 1605. बाजूच्या भिंतींवरचा चुन्याचा गिलावा 1950 च्या दशकात काढल्यानंतरची स्थिती. छायाचित्र लेखिकेचं’, आणि पुढे तारीख. गाइडनी त्याखाली फक्त एक बरोबरची खूण केली. त्यांच्याकडून एवढं मिळणं म्हणजे खूप झालं.

पाचवं, फोटो छापण्यापूर्वी स्वतःला विचारा: हा फोटो काढून टाकला तर माझ्या युक्तिवादातलं कोणतं वाक्य पडेल? कोणतंच पडत नसेल तर तो फोटो सजावट आहे. सजावट करायला हरकत नाही, पण तिला ‘आकृती 3.2’ म्हणू नका.

त्या ज्युनियरने बारापैकी आठ फोटो काढून टाकले आणि तीन नवे आणले. त्यातल्या एकात देवळाच्या मागच्या भिंतीवर सिमेंटचा नवा थर दिसतोय आणि त्याच्या कडेने जुना चुना सुटून आलेला. फोटो म्हणून तो अगदीच साधा, जरासा वाकडाही आहे. पण तिचा संशोधन-प्रश्न आता त्याच भिंतीवरून सुरू होतो.